अण्णांच्या डोळ्याची शीर ब्लॉक झाली: पुण्यातल्या एका रेटिना (डोळ्याचा पडदा) विभागाचा आठ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलाय, पण ज्यांच्या घरात कुणाला "डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलंय" किंवा "पडद्याची नस बंद झालीय" असं सांगितलंय त्यांनी जरा वेळ काढून पूर्ण वाचा, कारण आमच्यावर ही वेळ आली तेव्हा मी रात्र रात्र मोबाईलवर शोधत होते आणि साध्या मराठीत नीट समजेल असं काही हाताला लागलं नव्हतं. हॉस्पिटल पुण्यातलं आहे, ट्रस्टचं, फक्त डोळ्यांचं. नाव टाकत नाही कारण खाली मी तक्रारीपण लिहिणार आहे आणि त्याचा त्रास तिथल्या लोकांना व्हावा असं मला अजिबात वाटत नाही, अण्णांचा डोळा त्यांनीच वाचवलाय.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ६७, पाटबंधारे खात्यातून रिटायर, सगळी नोकरी धोमच्या कालव्यावर गेली. आता साताऱ्याजवळ गावी थोडी शेती बघतात. फेब्रुवारीत एके दिवशी सकाळी चहा पिता पिता उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून त्यांनी तो डोळा हाताने झाकला आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात ५, ६, ७ हे आकडेच दिसेनात, वरचे १२ आणि १ स्पष्ट आणि खाली धुरकट डाग. त्यांना वाटलं घड्याळाची काच खराब झालीय, आईला पुसायला लावली. दोन दिवसांनी म्हणाले दाराची चौकट मधेच वाकडी दिसतेय. दुखणं नाही, डोळा लाल नाही, पाणी नाही, काहीच नाही, म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. मीपण नाही घेतलं, फोनवर म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल.

मग तेच केलं, चष्मा बदलला. नवीन चष्म्यानेही फरक नाही म्हटल्यावर जवळच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी टॉर्च मारून मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून ड्रॉप्स दिले आणि महिन्याने या म्हणाले. बाहुली मोठी करायचं औषध घालून आतला पडदा बघितलाच नाही. यात आमचे १९ दिवस गेले. मोतीबिंदू असा एका रात्रीत घड्याळाचे खालचे आकडे खात नाही, तो हळूहळू वाढतो, हे मला आता कळतंय. एका डोळ्याने अचानक कमी दिसायला लागलं की डॉक्टरांना स्पष्ट म्हणा की ड्रॉप्स घालून पडदा तपासा, लाजू नका.

शेवटी माझ्या चुलत भावाने पुण्याच्या या हॉस्पिटलचं सांगितलं आणि मी अण्णांना घेऊन पहाटेच्या एसटीने निघाले.

पहिल्या दिवसाचं सांगायचं तर साडेआठला नंबर लावला आणि डॉक्टरांसमोर बसायला पावणेदोन वाजले. मधे नंबर तपासणी, डोळ्याच्या प्रेशरची तपासणी, मग बाहुली मोठी करायचे थेंब दर दहा-पंधरा मिनिटांनी, मग डोळे मिटून बसायचं, सगळ्या बाकांवर म्हातारी माणसं डोळे मिटून बसलेली आणि शेजारी त्यांची मुलं किंवा सुना फायली धरून. मी मनातून वैतागले होते. पण आत गेल्यावर रेटिनाच्या मॅडमनी जे केलं त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय.

त्यांनी आधी लेन्स धरून बराच वेळ पडदा बघितला, मग ओसीटी करून आणायला सांगितलं. ओसीटी म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा आडवा छेद दाखवणारा स्कॅन, सुई नाही काही नाही, हनुवटी टेकवायची आणि एका खुणेकडे बघायचं, पाच मिनिटांत होतो. तो आल्यावर मॅडमनी स्क्रीन सरळ अण्णांकडे वळवली. म्हणाल्या, "काका, हा तुमचा चांगला डोळा. पडद्याच्या बरोबर मधे असा खळगा असतो, आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो ते सगळं या खळग्याने. आता डावा बघा." डाव्यात खळगा नव्हताच, त्या जागी टेकाड, आणि त्या टेकाडात काळे काळे फुगे. ते फुगे म्हणजे साचलेलं पाणी. जाडी ५४८ मायक्रॉन, आणि त्या जागी साधारण अडीचशेच्या आसपास असायला हवी. नजर ६/३६ (चांगली नजर ६/६, खालचा आकडा जितका मोठा तितकं कमी दिसतं).

मग फोटो दाखवला पडद्याचा. नारिंगी पडदा, त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या शिरा आणि वरच्या भागात एका फांदीच्या पुढे सगळीकडे रक्ताचे ओरखडे, जणू कुणी लाल शाई झटकलीय. मॅडम म्हणाल्या पडद्यावर रक्त आणणारी धमनी आणि रक्त परत नेणारी शीर या जागोजागी एकमेकींना ओलांडतात आणि ओलांडतात तिथे दोघी एकाच वेष्टनात असतात. वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिला की धमनी कडक होते, तिच्याखालची शीर दबते, तिथे रक्त अडखळतं आणि गुठळी होते. आता पुढे जायला वाट नाही म्हटल्यावर मागे रक्त तुंबतं आणि शिरेच्या बारीक फांद्यांमधून रक्त आणि पाणी पडद्यात झिरपतं.

अण्णा इतका वेळ गप्प होते, ते एकदम म्हणाले, "म्हणजे चारीचं तोंड बुजलं, आणि पाणी बांध फोडून वाफ्यात शिरलं." मॅडम म्हणाल्या, "अगदी बरोबर काका, आणि ज्या वाफ्यात शिरलंय तो नेमका तुमच्या वाचायच्या जागेचा आहे." त्या क्षणापासून अण्णांना आजार कळला. मी खरंच सांगते, त्यानंतर आठ महिन्यांत मला त्यांना एकदाही पटवून सांगावं लागलं नाही की हे काय आहे, ते गावात चार लोकांना स्वतः समजावतात.

डाग खाली का दिसतो तेही तेव्हाच कळलं. डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून पडद्याच्या वरच्या भागात बिघाड झाला की खालचं दिसत नाही. म्हणून घड्याळातले ५, ६, ७.

अण्णांची फांदीची शीर बंद झाली होती, यात नुकसान एका भागापुरतं असतं. दुसरा प्रकार म्हणजे मुख्य शीरच बंद होणं, सगळ्या फांद्या जिथे एकत्र येऊन डोळ्याबाहेर पडतात तिथे, आणि तो जास्त वाईट. रांगेत आमच्या शेजारी एक मावशी होत्या त्यांचं हे झालेलं, त्या घरीच थांबल्या तीन महिने कारण दुखत नव्हतं, आणि मग डोळा लाल होऊन इतका दुखायला लागला की उलट्या झाल्या. पडद्याला रक्त मिळेना म्हणून डोळ्याने नव्या कच्च्या शिरा उगवल्या आणि त्यांनी डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद करून टाकली, प्रेशर प्रचंड वाढलं. मॅडम म्हणाल्या याला जुने डॉक्टर नव्वद दिवसांचा काचबिंदू म्हणतात. त्या मावशींचा चेहरा माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही.

आता उपचाराचं. मी पहिला प्रश्न हाच विचारला की गुठळी विरघळवायचं औषध द्या ना, हार्टवाल्यांना देतात तसं. मॅडम म्हणाल्या या शिरेची गुठळी रक्त पातळ करायच्या गोळीने उघडत नाही, डोळ्यासाठी म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका, आणि हार्टसाठी कुणी आधीच घेत असेल तर मनाने बंदही करू नका. यावर डोळ्यात इंजेक्शन देतात, तेसुद्धा शीर उघडत नाही. हे फार लोकांना माहीत नसतं आणि म्हणून दोन इंजेक्शनांनंतर "फरक नाही" म्हणून सोडून देतात. होतं असं की ज्या भागाला ऑक्सिजन कमी पडतो तो भाग एक रसायन सोडतो, त्याला डॉक्टर व्हीईजीएफ म्हणतात, त्याने शिरा अजून झिरपायला लागतात आणि पडदा सुजतो. इंजेक्शन त्या रसायनाला धरून ठेवतं, झिरपणं थांबतं, सूज उतरते. पण औषधाचा जोर साधारण महिनाभर. तेवढ्या वेळात शरीर बाजूने छोट्या शिरांची वाट काढत असतं आणि त्याला महिने लागतात, कधी वर्षभर, कधी त्याहून जास्त. अण्णांच्या भाषेत, बाजूने चर निघेपर्यंत पंप चालू ठेवायचा.

पर्याय त्यांनी तीन-चार सांगितले आणि प्रत्येकाचा खर्च तोंडी सांगितला. बेव्हासिझुमॅब सगळ्यात स्वस्त, मूळ कॅन्सरचं औषध, मोठ्या बाटलीतून छोटे डोस काढून डोळ्यासाठी वापरतात म्हणून ते कुठे आणि किती स्वच्छतेत भरलंय हे महत्त्वाचं. रॅनिबिझुमॅब खास डोळ्यासाठी, त्याचं भारतात बनलेलं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) २०१५ पासून मिळतं आणि मूळ कंपनीच्या औषधापेक्षा बरंच स्वस्त पडतं. अफ्लिबरसेप्ट महाग. आणि स्टेरॉइडची बारीक कांडी डोळ्यात सोडतात ती काही महिने चालते, पण तिने प्रेशर वाढू शकतं आणि मोतीबिंदू लवकर पिकतो. आम्ही बायोसिमिलर घेतलं. कुठलंही महागडं औषध गळ्यात मारायचा प्रयत्न झाला नाही, हे मला आवर्जून लिहायचंय.

डोळ्यात इंजेक्शन हे ऐकून आईने देवापुढे दिवा लावला होता, तर त्याबद्दलही लिहिते कारण सगळ्यात जास्त भीती याचीच असते. ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात, गाऊन, टोपी. बधिर करायचे थेंब तीन-चार वेळा. मग तपकिरी आयोडीनचं औषध पापण्यांना आणि डोळ्यात, हे चुरचुरतं, अण्णांच्या मते सगळ्यात त्रासाचा भाग हाच. पापण्या उघड्या ठेवायला क्लिप. सुई काळ्या बुबुळात जात नाही, पांढऱ्या भागात जाते, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, आणि औषध म्हणजे जेमतेम एक थेंब, ०.०५ मिली. त्यांना "वर बघा काका" म्हणाले आणि बोटाने दाबल्यासारखं वाटलं, बस. मग लगेच किती बोटं ते विचारलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "झालं?" आईला फोन लावून दिला तर तिला म्हणाले अगं दाढ काढण्यापेक्षा सोपं आहे.

घरी सोडताना नर्सताईंनी सांगितलं की काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचं नाही, काळे ठिपके तरंगताना दिसले तर घाबरू नका, पण दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, दिसणं कमी झालं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी या, उद्यावर टाकू नका, कारण आत जंतुसंसर्ग झाला तर तासांचा प्रश्न असतो. आणि रात्रीचा फोन नंबर दिला. दुसऱ्या इंजेक्शनच्या रात्री डोळ्याच्या पांढऱ्यावर रक्ताचा मोठा लाल डाग दिसला, साडेदहा वाजलेले, मी थरथरत फोन लावला. दुसऱ्या रिंगला ड्युटी डॉक्टरने उचलला, विचारलं दुखतंय का, दुपारपेक्षा कमी दिसतंय का, उजेड सहन होत नाही का, तिन्हीला नाही म्हटल्यावर म्हणाला वरची बारीक शीर फुटलीय, दहा-बारा दिवसांत जाईल, तरी फोटो पाठवा. गेला. त्या दोन मिनिटांच्या फोनसाठी मी पाचही स्टार देईन.

पहिल्याच भेटीत मॅडमनी बीपी मोजायला लावला होता, १७८/१०४. तेव्हा उघड झालं की अण्णांनी दिवाळीपासून गोळी बंद केलेली, बरं वाटतंय म्हणून. मॅडमनी फिजिशियनला चिठ्ठी दिली, शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी सगळं करायला लावलं आणि सांगितलं की डोळ्याचं मी बघते पण बीपी आटोक्यात नसेल तर उद्या उजव्या डोळ्यात हेच होऊ शकतं. त्यांच्या पेशंटमध्ये तरुणही येतात म्हणे, त्यांच्यात होमोसिस्टीन (रक्तातला एक घटक) आणि रक्त गोठायच्या दोषाच्या तपासण्या करतात. अण्णांना काचबिंदू आहे का तेही बघितलं कारण त्यानेही हा धोका वाढतो. नव्हता.

अँजिओग्राफी तिसऱ्या महिन्यात केली, रक्त थोडं शोषल्यावर. हातातल्या शिरेत पिवळा रंग सोडतात आणि डोळ्याचे फोटो काढतात, ॲलर्जी आधी नीट विचारतात. लघवी दिवसभर गडद पिवळी होईल हे आधीच सांगितल्यामुळे घरात गोंधळ झाला नाही. रक्त न पोचणारा भाग फार मोठा नव्हता आणि नव्या शिरा उगवल्या नव्हत्या म्हणून लेझर लागलं नाही.

आता आमची चूक. मार्च, एप्रिल, मे तीन इंजेक्शनं झाली, जूनच्या मध्यात ओसीटीत जाडी २८१, नजर ६/१२. मॅडम म्हणाल्या आज इंजेक्शन नको पण चार आठवड्यांनी नक्की या. अण्णा लोणंदपासून वारीत गेले, परत आले तर शेतात भांगलण, मीपण मुलांच्या शाळेत अडकले आणि "दिसतंय की चांगलं" या एका वाक्यावर जुलैची तारीख गेली. फ्रीजवर त्यांनी दिलेला चौकटींचा कागद लावलाय, रोज एक डोळा झाकून बघायचा, मधल्या ठिपक्याभोवतीच्या रेषा वाकल्या तर कळवायचं. ऑगस्टमध्ये रेषा वाकल्या होत्या आणि अण्णा बोलले नाहीत, मला त्रास नको म्हणून. महिनाअखेरीला गेलो तर जाडी ४३०, नजर ६/२४. मॅडम ओरडल्या नाहीत. पुन्हा स्क्रीन वळवली, जूनचा आणि ऑगस्टचा स्कॅन शेजारी शेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "काका, पंप लवकर बंद झाला." अण्णांच्या डोळ्यात पाणी आलं.

इथेच माझी हॉस्पिटलवरची मोठी तक्रार आहे. चुकलेल्या तारखेचा एकसुद्धा फोन किंवा मेसेज आला नाही. ज्या आजारात सगळा खेळ तारखेवर आहे तिथे हे व्हायलाच हवं, मोतीबिंदूच्या कॅम्पचे मेसेज मात्र दर आठवड्याला येतात. दुसरं, माहितीपत्रक आणि संमतीचा कागद दोन्ही इंग्रजीत, बाकावर बसलेल्या दहातल्या आठ लोकांना वाचता येत नव्हतं, मी तिघांना वाचून दाखवला. मॅडम इतकं सुंदर मराठीत समजावतात तर तेच कागदावर का नाही? तिसरं, इन्शुरन्सच्या टेबलावर आम्हाला सरळ सांगितलं की डोळ्याचं इंजेक्शन पॉलिसीत बसत नाही. तसं नाहीये. इर्डाच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१९ च्या सूचनांमध्ये डोळ्यातली इंजेक्शनं आधुनिक उपचारांच्या यादीत घातली होती, कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकत होती पण सरसकट नाही म्हणता येत नव्हतं. आम्ही कागदपत्रं जोडून स्वतः क्लेम लावला, पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत पैसे मिळाले. तुमची पॉलिसी काढून बघा. आणि काउंटरवरचा एक मुलगा म्हाताऱ्या माणसांशी फार तुसडेपणाने बोलतो, ते बघवत नाही.

जाणार असाल तर पूर्ण दिवस धरा, कुणाला तरी सोबत न्या कारण बाहुली मोठी केली की चार-सहा तास नीट दिसत नाही आणि गाडी चालवायचा प्रश्नच नाही. गॉगल न्या, दुपारच्या उन्हात स्वारगेटपर्यंत अण्णांचे डोळे अक्षरशः मिटलेले असायचे. पोळीभाजीचा डबा न्या, डायबेटिसवाल्यांनी तर नक्कीच. चालू गोळ्या सगळ्या पिशवीत घालून न्या आणि जुने ओसीटी फेकू नका, मॅडम प्रत्येक वेळी आधीच्याशी लावून बघतात.

पार्किंग नाही, कॅन्टीनचा चहा बरा आहे.

ऑगस्टच्या शेवटी चौथं, सप्टेंबरच्या शेवटी पाचवं इंजेक्शन झालं. ऑक्टोबरमध्ये जाडी २७६, नजर ६/९, पुढची तारीख पाच आठवड्यांनी आणि ती आता कॅलेंडरवर, माझ्या मोबाईलवर आणि आईच्या मोबाईलवर अशी तीन ठिकाणी आहे. बीपीची गोळी आई स्वतः हातावर ठेवते. काल फोनवर अण्णांनी सांगितलं, उजवा डोळा झाकून घड्याळ बघितलं, ५ आणि ७ आता नीट दिसतात, ६ ची शेपटी अजून थोडी पुसट आहे.